डोंबिवलीच्या दाराचं ऑटोलॉक : दुरुस्तीच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

आई-बाबांच्या डोंबिवलीच्या फ्लॅटला स्मार्ट कुलूप जानेवारीत बसवलं. मेच्या मध्यापर्यंत तक्रार नव्हती. यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, एरवी तो ११ जूनच्या सुमारास येतो. त्याच आठवड्यात बाबांचे फोन सुरू झाले. आज जाऊन दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, कारण एकत्र बसवलं की आईची तक्रार बाबाच सांगतात.

बाबांचं म्हणणं : दार लावलं की अर्ध्या मिनिटाने बोल्ट घर्रर्र करत बाहेर येतो, मध्येच थांबतो, परत आत जातो आणि पीं-पीं करतो.

आईचं म्हणणं : "माझ्या हातून दार लावलं की ते काहीच करत नाही गं. घर्रर्र पण नाही. आणि परवा दार सताड उघडं होतं, तेव्हा त्याची जीभ आपोआप बाहेर आली. वाऱ्याने दार आपटलं, चौकटीचा टवका गेला."

टवका पाहिला. ताजा आहे, आतल्या कडेला, बोल्टच्याच उंचीवर.

हा एक बिघाड नसून तीन वेगवेगळे वाटतायत : बोल्ट अडकतो, बोल्ट निघतच नाही, बोल्ट नको तेव्हा निघतो. कंपनीच्या हेल्पलाइनवर तिन्हींना एकच उत्तर मिळालं, फॅक्टरी रीसेट करा आणि बोटांचे ठसे नव्याने घ्या. तूर्त करणार नाही. रीसेट केलं की आतली नोंद पुसली जाते, आणि मला नेमकी तीच हवी आहे.

पुढे लागेल म्हणून दाराची माहिती : फ्लश डोअर, जाडी ३५ मिमी, रुंदी ९०० मिमी, दोन्ही अंगांना सनमायका. चौकट सागवानी, इमारतीच्या वेळची. दार आत उघडतं. बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर. जुनं हँडल आणि त्याचं लॅच तसंच ठेवलंय, स्मार्ट कुलूप त्याच्या वर. मोटरने फिरणारा बोल्ट २५ मिमी बाहेर येतो. चौकटीच्या आतल्या अंगाला लोहचुंबकाची छोटी डबी, कुलपात सेन्सर. चार डबल-ए सेल. ऑटोलॉक, म्हणजे दार बंद झाल्यावर बोल्ट आपोआप बाहेर येण्याची सोय, ३० सेकंदांवर. आतून हाताने फिरवायची मूठ आहे, ती वीज-सेल नसतानाही चालते; हे नसतं तर मी ते कुलूप या घरात बसवूच दिलं नसतं.

२ जून, सोमवार

ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत ॲपमधली नोंद वाचली. दोन गोष्टी दिसल्या.

'लॉक जॅम्ड' हा निरोप पाऊस पडून गेलेल्या रात्री आणि सकाळी दाटीने येतो, कोरड्या दुपारी तुरळक. दुसरं, काही वेळा 'डोअर ओपन' ही नोंद सलग दोन-अडीच तास तशीच आहे, आणि बाबा शपथेवर सांगतात की तेव्हा दार बंद होतं. कुलपाला दार बंद झालेलं कळलंच नाही, तर तीस सेकंद मोजायला सुरुवात तरी कुठून करणार?

८ जून, रविवार

सगळ्यात आधी फुकटची परीक्षा. दार पूर्ण उघडं ठेवून ॲपवरून कुलूप लावलं. बोल्ट एका आवाजात, न अडखळता पूर्ण बाहेर. आत घेतला, परत काढला. एकदाही कुरकुर नाही. मग दार बंद करून तेच केलं. घर्रर्र, थांबला, माघारी.

उघड्या दारात सुरळीत आणि बंद दारात अडतो, म्हणजे मोटर, गिअर, सर्किट यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही. भांडण बोल्ट आणि चौकट यांच्यात आहे. हेल्पलाइनवाल्याने ही एक गोष्ट करायला सांगितली असती तर त्याचा आणि माझा वेळ वाचला असता.

आता भांडण कुठल्या बाजूने? दार बंद करून आतून बाहेरच्या दिशेने तळव्याने दाबून धरलं आणि कुलूप लावलं. बोल्ट बराच पुढे गेला, पण टोकाला अडला. मग हँडल धरून दार किंचित वर उचललं, तेव्हा घासण्याचा आवाज जवळजवळ गेला. दाबल्यावर फरक, उचलल्यावरही फरक. म्हणजे दार खाली उतरलंय, आणि कशाने तरी आतल्या बाजूला ढकललंही जातंय.

ढकलणारा लगेच सापडला. चौकटीच्या खाचेत, दार जिथे टेकतं तिथे, काळ्या फोमची चिकटपट्टी. नवी कोरी.

"बाबा, हे कधी लावलंत?"

"मे महिन्यात. जिन्यातली धूळ येते, डास येतात. तुझ्या आईनेच सांगितलं."

"मी दाराखाली लाव म्हटलं होतं," स्वयंपाकघरातून आवाज आला.

पट्टी ५ मिमी जाडीची आहे, दाबून दोन-तीन मिमी राहत असेल. तेवढ्याने दार आत सरकलंय. काढून टाकली. डासांसाठी दाराखाली ब्रशची पट्टी आणायचं कबूल केलं.

८ जून, रात्री

फोम काढूनही बोल्ट अडतोच, फक्त कमी जोरात. नेमका कुठे टेकतो ते बघायला टोकाला काहीतरी रंग लावायला हवा होता. खडू घरात नाही. आईने देवघरातून कुंकवाचा करंडा आणून दिला ("चिमूटभरच घे, ते गावच्या देवीचं आहे"). तेलाचं बोट बोल्टच्या टोकाला आणि कडांना फिरवून त्यावर कुंकू लावलं. दार बंद केलं, मूठ हाताने हळूच फिरवली, अडेपर्यंत. दार उघडून टॉर्च मारला.

चौकटीवरच्या धातूच्या पट्टीच्या भोकाची खालची कड लाल, आडव्या रेघेसारखी. वरच्या कडेला डाग नाही. आतल्या बाजूच्या कडेवर पुसट ठसा, तो फोमचा उरलेला परिणाम किंवा माझा हात. अनपेक्षित गोष्ट म्हणजे भोकाच्या तळाशी लाकडावर गोल लाल ठिपका. बोल्ट तळाला आपटत होता.

काडेपेटीतली काडी आत घालून नखाने खूण केली आणि पट्टीवर मोजली. खोली २२ मिमी. बोल्ट २५ मिमी बाहेर येतो. दार आणि चौकट यांच्यात जी फट असते तेवढं अंतर बोल्ट हवेतच कापतो, उरलेला भोकात शिरतो. जानेवारीत फट साडेतीन मिमीच्या आसपास होती (बसवताना काढलेल्या फोटोत मोजपट्टी आहे, म्हणून सांगू शकते). २५ वजा साडेतीन, साडेएकवीस. २२ च्या भोकात जेमतेम मावत होता. आज फट मोजली तर दोन मिमीसुद्धा धड नाही. तेवीस मिमी बोल्टला बावीस मिमीचं भोक.

जानेवारीत चाललेली गोष्ट जूनमध्ये का बिघडली, त्याचं निम्मं उत्तर हे. बसवणाऱ्याने भोक जेमतेम केलं आणि कोरड्या हवेत ते खपून गेलं. कुलूप आपल्या परीने बरोबरच वागतंय. बोल्ट शेवटच्या ठिकाणी पोचला नाही तर तो अडकला असं समजून आत घ्यायचा, असंच त्याला शिकवलंय.

१५ जून, रविवार

सुतार मिस्त्री आले. आमच्या इमारतीत अर्ध्या घरांची दारं त्यांच्या हातची आहेत, त्यामुळे आल्या आल्या कुलपाकडे न बघता त्यांनी दार वरच्या कोपऱ्यातून हलवलं. वरची बिजागरी चौकटीपासून सुटून आत-बाहेर होत होती. चारपैकी तीन स्क्रू नुसते फिरत होते, धरतच नव्हते. वजनदार कुलूप आलं, वर पावसाने लाकूड नरम, आणि जुन्या स्क्रूंनी हात टेकले.

हिशोब करून पाहिला. वरच्या आणि खालच्या बिजागरीत अंतर साधारण दीड मीटर, दाराची रुंदी ९०० मिमी. वरची बिजागरी ३ मिमी सुटली की कुलपाकडची बाजू ३ गुणिले ९०० भागिले १५००, म्हणजे १.८ मिमी खाली येते. कुंकवाची खालची रेघ दोन मिमीच्या आसपास होती. जमलं.

मिस्त्रींनी भोकांत सागवानाच्या बारीक खुंट्या सरस लावून ठोकल्या, कडा पटाशीने सपाट केल्या आणि ५० मिमीचे स्क्रू मारले. काडेपेटीच्या काड्या भरायची सूचना बाबांनी केली. त्यावर मिस्त्री, "साहेब, त्या काड्या पाऊस संपेपर्यंत टिकतील."

मी विचारलं, कडेला थोडा रंधा मारून फट वाढवायची का? घासतंय तर खरं.

"ताई, पावसात रंधा मारायचा नसतो. आत्ता बरोबर दिसेल, थंडीत बोट जाईल एवढी फट पडेल. मग म्हणाल मिस्त्रीने दार वाया घालवलं."

पटलं. लाकूड हवेतली ओल घेऊन आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. सागवान त्यातल्या त्यात शहाणं; पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत ते वाढवलयांच्या दिशेने ५.८ टक्के आणि त्याला काटकोनात २.५ टक्के आकसतं, पुष्कळ लाकडं याहून जास्त. फ्लश डोअरच्या आतले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते आणखी कमी हलतं, पण कडेच्या पट्ट्या साध्या लाकडाच्या असतात आणि आमच्या दाराच्या खालच्या कडेला रंगाचा थेंबही नाही. मिस्त्रींनी तळहात फिरवून दाखवलं, खरखरीत. पाणी तिथूनच पितंय. "दिवाळीच्या आधी कडक ऊन पडलं की उतरवू आणि रंगवू. आत्ता रंग लावला तर ओल आत कोंडेल."

मग भोक. गिरमिटाने ३० मिमीपर्यंत खोल केलं. तळातून भुशाबरोबर सिमेंटचे खडे निघाले. धातूची पट्टी काढून खालची कड कानशीने जेमतेम एक मिमी खाल्ली. जास्त खाल्ली तर हिवाळ्यात बोल्ट खडखडेल. पट्टीचे स्क्रूही लांब घातले. आधीचे १९ मिमीचे होते, लाथ मारली असती तर चौकटीसकट आले असते.

पुन्हा कुंकू. खाली रेघ नाही, तळाला ठिपका नाही. ॲपमधून कॅलिब्रेशन, म्हणजे बोल्टने कुठवर जायचं ते कुलपाला शिकवणं, परत केलं, कारण बोल्टचा शेवट आता पुढे गेलाय. बोल्ट एका आवाजात बाहेर.

१७ जून, मंगळवार

बाबांचा सकाळी सहाला फोन. परत जॅम. पण नोंदीत एवढी एकच, पहाटेची, आणि पुढच्या वेळी आपोआप लागलं. आधी सारखं व्हायचं, आता क्वचित. सेलवर संशय आहे. कुठले घातलेत विचारलं. "भिंतीवरच्या घड्याळाला लागतात तेच, डझनभर आणून ठेवलेत."

१९ जून, गुरुवार

ऑफिसातून परस्पर डोंबिवलीला. मल्टिमीटर घेऊन गेले.

घड्याळाचे सेल म्हणजे साधे झिंक-कार्बन. घड्याळाला कण-कण वीज लागते, त्यासाठी ते उत्तम. मोटरला एकदम जास्त प्रवाह लागतो आणि या सेलचा आतला रोध जास्त, म्हणून भार पडला की व्होल्टेज खाली येतं. चारही सेलवर मीटर लावून बघितलं : नुसते असताना ६.१ व्होल्ट, बोल्ट फिरताना ५.३, दार मुद्दाम दाबून बोल्ट घासायला लावला तेव्हा ४.४. तितक्या खाली गेलं की कुलूप हार मानतं. ॲप मात्र ७० टक्के दाखवत होतं, कारण ते भार नसतानाचं व्होल्टेज बघून टक्के काढतं.

नवे अल्कलाइन घातले. नुसते असताना ६.४, फिरताना ६.०, घासताना ५.७. फरक डोळ्यांना दिसतो.

बाबांना रिचार्जेबल घालायचे होते, पैसे वाचतील म्हणून. नको. ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे, चार मिळून ४.८; बहुतेक कुलपं त्याला सेल संपत आले असंच समजतात. लिथियमचे १.५ व्होल्टवाले जोरात चालतात, पण शेवटपर्यंत व्होल्टेज धरून ठेवतात आणि मग एकदम मान टाकतात, म्हणजे इशारा मिळायचा तेव्हा मिळतच नाही. अल्कलाइन हळूहळू उतरतात. कुलपाला असा सावकाश थकणारा सेलच बरा.

चारही एकाच वेळी बदलायचे, एकाच पाकिटातले. आईने कॅलेंडरवर तारीख लिहिली, दुधाच्या हिशोबाखाली.

२२ जून, रविवार

आज आईची तक्रार. 'माझ्या हातून लागतच नाही.'

बाबांनी दार लावलं, तीस सेकंदांनी बोल्ट बाहेर. आईने लावलं, काही नाही. परत बाबा, लागलं. परत आई, नाही. बाबा सोफ्यावरून हसत होते. कुलपाला बाईमाणूस ओळखता येतं की काय, असं वाटायची वेळ आली.

नीट बघितल्यावर फरक कळला. बाबा दार ढकलून देतात, ते आपटतं. आई हँडल धरून हळूच टेकवते, दुपारी कोणी झोपलेलं असतं म्हणून लागलेली सवय.

कुलपात रीड स्विच आहे. काचेच्या इवल्या नळीत लोखंडी मिश्रधातूची दोन पातळ पाती. लोहचुंबक जवळ आला की ती एकमेकांना चिकटतात, लांब गेला की सुटतात. बेल लॅबोरेटरीजमध्ये वॉल्टर एलवूड यांनी १९३६ मध्ये शोधलेली ही वस्तू आजही दारं, खिडक्या, वॉशिंग मशिनची झाकणं यांत बसलेली असते. तिचा एक स्वभाव आहे. चिकटायला चुंबक जितका जवळ यावा लागतो, सुटायला तो त्याहून बराच लांब जावा लागतो. दोन अंतरं वेगळी असतात.

दार तसूतसूने सरकवत, ॲपकडे बघत मोजलं. आमच्या दारात 'बंद' कळायला चुंबक ९ मिमीच्या आत यावा लागतो. 'उघडं' कळायला तो १४ मिमीपलीकडे जावा लागतो. दार शांतपणे बंद असताना अंतर ११. म्हणजे नेमकं दोन्हींच्या मधे. आपटलं की क्षणभर दार चौकटीत आणखी दबतं, आठ मिमी होतं, पाती चिकटतात. दार परत सैल होऊन अकरावर आलं तरी ती चिकटलेलीच राहतात. हळू लावलं तर नवाच्या आत कधी येतच नाही. आईच्या हाताचा दोष नव्हताच. हे दुपारीच दोघांना सविस्तर सांगितलं. आईला भलताच आनंद झाला.

लोखंडी सेफ्टी डोअर चुंबकाचा जोर ओढून घेत असेल अशीही शंका होती. ते उघडं ठेवून आणि लावून बघितलं, मिलिमीटरचाही फरक नाही. तो संशय मिटला.

उपाय साधा. चौकटीवरची चुंबकाची डबी काढून तिच्याखाली सनमायकाचे तुकडे एकावर एक ठेवले, ५ मिमी जाडी झाली. फर्निचरच्या कामातले उरलेले तुकडे बाबांनी माळ्यावर जपून ठेवले होते आणि आज त्यांचा दिवस होता. आता बंद दारात अंतर ६ मिमी. आईने मुद्दाम फुलासारखं अलगद दार टेकवलं. तीस सेकंद. लागलं.

२२ जून, संध्याकाळ

उरला तिसरा. दार उघडं असताना बोल्ट बाहेर का येतो?

कुलपाला दार बंद वाटल्याशिवाय ते मोजायला लागत नाही, हे आज पक्कं कळलं. मग सताड उघड्या दारात त्याला ते बंद कसं वाटलं? दुसरा चुंबक असणार. दार पूर्ण उघडून भिंतीला टेकवलं आणि कुलपाची आतली बाजू कुठे येते ते बघितलं. समोर, बोटभर अंतरावर, किल्ल्या अडकवायची पाटी. वर गणपती, खाली पाच चुंबक, किल्ल्या नुसत्या चिकटवायच्या. महाबळेश्वरहून आणलेली.

ॲप उघडून बघितलं : 'डोअर क्लोज्ड'. दार सताड उघडं, जिना दिसतोय, आणि कुलूप निश्चिंत. साध्या रीड स्विचला चुंबकाचं उत्तर टोक आणि दक्षिण टोक यांत फरक कळत नाही, हा चुंबक आपला की परका हे तर नाहीच.

उकाड्याचं म्हणून दार भिंतीला लावून ठेवायचं, अर्ध्या मिनिटाने बोल्ट बाहेर, मग जिन्यातून वाऱ्याची झुळूक, आणि टवका. पाटी दुसऱ्या भिंतीवर हलवली. दार तसंच उघडं ठेवून चहा झाला, बोल्ट आतच.

२९ जून, रविवार

तिन्ही बिघाड बंद झाले आणि आता कुलूप इतकं नेमाने लागतंय की आई बाहेर अडकायला लागली. कचऱ्याचा डबा ठेवायला गेली, समोरच्या काकूंनी कोथिंबीर निवडता निवडता दोन शब्द काढले, मागे वळली तर बंद. आतून बाबांनी उघडायचं तर ते आंघोळीला.

ठसा का नाही वापरला? "लागतच नाही. पीठ मळलेलं असतं, नाहीतर हात ओले." खरं आहे. शिवाय वयाने आणि भांड्यांनी बोटांवरच्या रेषा झिजतात, सेन्सरला फारसं काही दिसत नाही. दोन्ही हातांची वेगवेगळी बोटं, कोरडी करून, प्रत्येक दोनदा नोंदवली. सहा अंकी कोडही दिला. तो तिने लगेच पाठ केला आणि तेवढ्याच वेगाने समोरच्या काकूंना सांगितला. काकूंकडे जुनी किल्ली आधीपासून असतेच, तेव्हा चालायचंच.

खरा प्रश्न तीस सेकंदांचा होता. ज्याने हे तीस सेकंद ठरवले त्याच्या दारासमोर शेजार नसावा. वेळ तीन मिनिटांवर नेली. रात्री दहानंतर मात्र ३० सेकंद. आमच्या कुलपात वेळेनुसार तशी सोय आहे.

६ जुलै, रविवार

आषाढी. साबुदाण्याच्या खिचडीनंतर दोन चाचण्या उरकल्या.

राउटर बंद केला. ऑटोलॉक तसंच चाललं. मोजणी कुलपाच्या आतच होते. वायफाय फक्त मला निरोप पोचवायला. म्हणजे डोंबिवलीत वीज गेली तर दार लागेल, मला उशिरा कळेल इतकंच. निरोप उशिरा आला म्हणून बाबांना फोन करून उठवायचं नाही, असं स्वतःला बजावलंय.

दुसरी चाचणी जास्त महत्त्वाची. चौकटीच्या भोकात लाकडाचा तुकडा बसवला आणि कुलूप लावायला सांगितलं. बोल्ट अर्ध्यावर थांबला, ॲपने 'जॅम्ड' दाखवलं, 'लॉक्ड' दाखवलं नाही. आमचं कुलूप बोल्ट खरोखर कुठे आहे ते बघतं. मोटर ठरावीक वेळ फिरवून 'लागलं' म्हणणारं कुलूप इथे खोटं बोललं असतं. कोणी स्मार्ट कुलूप घेत असेल तर कॅमेरा, बेलचे आवाज वगैरे नंतर; आधी दुकानात ही चाचणी करून बघावी.

३० ऑगस्ट, शनिवार

बाबांचा फोन : दोन दिवस आपोआप लागतच नाहीये. गणपतीत (२७ तारखेला) येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी दार उघडं राहावं म्हणून भाच्याने 'पॅसेज मोड' चालू केला होता. दीड दिवसांचे बाप्पा गेले, मोड राहिला. बंद केला.

१२ ऑक्टोबर, रविवार

ऑक्टोबर हीट. फट परत तीन मिमीच्या वर. मिस्त्री आले, दार बिजागऱ्यांवरून उतरवून दोन स्टुलांवर आडवं ठेवलं. खालची कड कोरी निघालीच, वरचीही. पॉलिशपेपर, प्रायमर, वर ऑइल पेंटचे दोन हात, मधे वाळायला वेळ. तोवर घराला फक्त सेफ्टी डोअर. दुपारभर आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला जाळीतून कारण सांगत होती.

दार परत चढवल्यावर बोल्ट थोडासा खडखडला, जूनमध्ये कानशीने खाल्लेल्या एका मिलिमीटरचा हा परतावा. पट्टीच्या मागे जाड पुठ्ठ्याचा तुकडा सारून ती किंचित पुढे आणली. चुंबकाचं अंतर ७ मिमी, चालेल. कॅलिब्रेशन पुन्हा.

९ नोव्हेंबर, रविवार

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी बोलावलं. वेगळ्या कंपनीचं कुलूप, तक्रार तीच : ऑटोलॉक अडकतं. सुताराला फोन लावूनच बसले होते.

आधी दार उघडं ठेवून लावायला सांगितलं. बोल्ट उघड्या दारातही अडखळला, हवेत, काहीही समोर नसताना. मग चौकट, बिजागरी, फट यांच्यापैकी कोणाचाच दोष नाही. सेल नवे अल्कलाइन होते, भाराखाली ५.९. सुताराचा फोन ठेवायला लावला.

आतल्या पॅनलचे दोन लांब स्क्रू इतके आवळले होते की ३५ मिमीच्या दाराच्या दोन्ही बाजूंनी कुलूप चिमटलं गेलं होतं आणि मधला दांडा वाकडा होऊन घासत होता. मशिनच्या स्क्रूड्रायव्हरने आवळल्यावर असं होतं. हाताने अर्धा-अर्धा फेरा सैल केला, पॅनल हलत नाही एवढं बघितलं. बोल्ट सुळकन बाहेर. केबलही पॅनलखाली दबलेली होती, ती खाचेत सरकवली. मग दार बंद करून, काकूंकडून चिमूटभर कुंकू मागून, त्यांच्याही चौकटीचं भोक तपासलं. २८ मिमी खोल, कुठेही डाग नाही. त्यांचा फिटर भोकाच्या बाबतीत आमच्यापेक्षा बरा निघाला.